देवाला जाब विचारता आला पाहिजे

२०२१च्या एप्रिलमध्ये माझी बहीण आणि दाजी एकाच दिवशी दवाखान्यात दाखल झाले. त्यांची आठ वर्षांची मुलगी माझ्याकडे राहायला आली. दिवसा ती माझ्या मुलांबरोबर कॅरम खेळायची, पण रात्री उशीला डोकं टेकलं की डोळे टक्क उघडे. तिसऱ्या रात्री मी तिला देवघरासमोर बसवलं, माझ्या आईची तुळशीची माळ तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "रोज एकशे आठ वेळा विठ्ठलाचं नाव घे. अगदी मनापासून घे. आई नक्की बरी होऊन येईल."

नऊ रात्री तिने माळ ओढली. दहाव्या दिवशी दुपारी बहीण गेली. दाजी त्याच आठवड्यात बरे होऊन घरी आले.

तेराव्यानंतर एकदा, भांडी घासणाऱ्या मामीच्या मागे उभी राहून ती म्हणाली, "मामी, एक दिवस मला मधेच झोप लागली होती. माळ अर्धीच राहिली. मी कुणाला सांगितलं नाही."

आमच्या घरात तीन पिढ्यांची वारी आहे. मी प्राथमिक शाळेत शिकवतो, म्हणजे मुलांशी कसं बोलावं हे मला कळतं असं मी धरून चाललो होतो. पण एका 'नक्की'ने मी त्या मुलीच्या डोक्यावर तिच्या आईच्या मरणाचं ओझं ठेवलं. तिला धीर द्यावा एवढंच माझ्या मनात होतं, यात शंका नाही. तरीही ओझं मीच ठेवलं. संकटाच्या काळात मुलांना देवावर विश्वास ठेवायला शिकवावं का, आणि शिकवायचं तर नेमकं काय, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मानेवर बसलेला आहे. शिकवावं, असं मी आजही म्हणतो. पण आपण मराठी घरांत, शाळांत, कीर्तनांत विश्वासाच्या नावाखाली जे शिकवतो, त्यातलं बरंचसं विश्वास नाही. तो सौदा आहे. सौदा फिसकटला की मूल एक तर देवाला टाकतं, नाहीतर स्वतःला दोषी ठरवतं, आणि दुसरं जास्त वेळा घडतं.

आपल्या बोलण्यात मरणाला देवाचं नाव जोडून केलेले शब्द किती आहेत ते बघा. देवाज्ञा झाली. देवाघरी गेला. देवाला आवडला. मोठ्यांच्या कानांना हे शब्द सवयीचे झालेत, त्यांतला देव आपल्याला ऐकूही येत नाही. मुलांना तो ऐकू येतो. देवाज्ञा म्हणजे देवाची आज्ञा. माझ्या बापाला मारायची आज्ञा ज्याने दिली त्याच्यापुढे रोज परिपाठाला हात जोडून उभं राहायचं, हे सहा-सात वर्षांच्या पोराला कसं जमावं? दुसरीच्या वर्गात माझ्याकडे असा एक मुलगा होता. वडील विहिरीच्या कामावर असताना वारले. "चांगल्या माणसाला देव लवकर नेतो" असं घरी आलेल्या प्रत्येक माणसाने त्याला सांगितलं. एरवी शांत असलेलं ते पोर महिनाभरात वर्गातलं सगळ्यात द्वाड झालं. पाटी फोड, डबे सांड, मुलींच्या वेण्या ओढ. त्याच्या आजीनेच एक दिवस त्यातलं गुपित मला सांगितलं. तो रात्री तिला म्हणाला होता, "मी चांगला नाही ना आजी आता? मग मला नाही ना नेणार?"

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी १९३२मध्ये लहान मुलांच्या न्यायबुद्धीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात ते मुलांना एक गोष्ट सांगत. एका मुलाने सफरचंदं चोरली, पळाला, वाटेत ओढ्यावरच्या कुजक्या फळीवरून जाताना फळी मोडून पाण्यात पडला. त्याने चोरी केली नसती तर फळी मोडली असती का? सहा वर्षांच्या आसपासची बहुतेक मुलं म्हणत, नसती मोडली. चोरी केली म्हणून पडला. वय वाढतं तसं हे उत्तर मागे पडतं. म्हणजे लहान मुलाच्या मनात जग आधीच एक न्यायालय असतं आणि घडणारी प्रत्येक वाईट गोष्ट ही कशाची तरी शिक्षा असते. हे त्याला शिकवावं लागत नाही. आपण त्याला त्यातून अलगद बाहेर काढायचं असतं. त्याऐवजी आपण त्या न्यायालयात देवाला नेऊन बसवतो, तेही अशा वेळी, जेव्हा पोराच्या घरावर खरोखरच काहीतरी कोसळलेलं असतं.

कोसळणं मला शब्दशः माहीत आहे. ३० सप्टेंबर १९९३ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरच्या पट्ट्यात भूकंप झाला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो आणि आमचं गाव तिथून फार लांब नव्हतं. गणपती बुडवून लोक निजले होते. जवळपास ८ हजार माणसं गेली. आमच्या वाड्याची एक भिंत पडली, आम्ही वाचलो. पुढचे कितीतरी महिने पारावर, देवळात, नातेवाइकांच्या बोलण्यात एकच वाक्य फिरत होतं: देवाचा कोप झाला. पाप फार वाढलं होतं. माझ्या आत्याचं अख्खं घर त्यात गेलं होतं. तिची धाकटी मुलगी चार वर्षांची होती. मी अंथरुणात पडल्या पडल्या त्या मुलीची पापं आठवत बसायचो. मला एकच सापडलं. तिने दिवाळीत माझी टिकल्यांची बंदूक मोडली होती.

माणसं कशाने मेली ते मला फार नंतर, डी.एड.ला असताना नीट समजलं. आमच्याकडची जुनी घरं माळवदाची. काळ्या दगडाच्या, मातीत रचलेल्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती आणि वर लाकडावर मातीचे थर. उन्हाळ्यात गार, हिवाळ्यात ऊबदार, पण धरणी हलली की दगडाला दगड धरून ठेवणारं आत काहीच नाही. वर्षभर आधी, १९९२मध्ये, किल्लारीला धक्के बसले होते. लोक काही दिवस बाहेर झोपले आणि पुन्हा आत गेले. जाणार तरी कुठे? ज्यांची घरं पत्र्याची किंवा कुडाची, म्हणजे गावातल्या सर्वांत गरिबांची, त्यातले पुष्कळ वाचले. आता या वाचण्या-मरण्याला पाप-पुण्याचा हिशेब लावून दाखवा. लागत नाही. भिंतीचा हिशेब मात्र चोख लागतो, आणि तो लागतो म्हणूनच पुढच्या पिढीची घरं वेगळी बांधता येतात.

हा वाद आपल्या देशात फार मोठ्या माणसांमध्ये होऊन गेला आहे. १५ जानेवारी १९३४ला बिहारमध्ये प्रचंड भूकंप झाला. अस्पृश्यतानिवारणाच्या दौऱ्यावर असलेले महात्मा गांधी म्हणाले की हा अस्पृश्यतेच्या पापाबद्दल देवाने दिलेला दंड आहे. रवींद्रनाथ टागोरांना हे असह्य झालं. अस्पृश्यतेचा तिटकारा त्यांनाही तितकाच होता, पण निसर्गातल्या घटनेला नीतीच्या तराजूत घालणं चूक आहे, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. गांधीजींनी ते निवेदन आपल्या 'हरिजन'मध्ये छापलं आणि आपलं मत सोडलं नाही. गांधीजींची तळमळ मला कळते. भूकंपाने हादरलेल्या देशाला आपल्या सर्वांत जुन्या पापाकडे बघायला लावायचं होतं त्यांना. तरी या एका गोष्टीत मी टागोरांच्या बाजूला उभा आहे, कारण बिहारमध्ये ढिगाऱ्याखाली अस्पृश्यांची मुलंही गेली. ज्यांच्यावर पाप झालं त्यांनाच पापाचा दंड! मोठा माणूस अशा वाक्यातून आपल्याला हवा तो बोध घेतो आणि पुढे जातो. त्या ढिगाऱ्यातून वाचलेलं मूल मात्र एकच प्रश्न घेऊन उरतं: मग माझ्या आईने काय केलं होतं?

कोपाचं बोलणं आता सुशिक्षित घरांत कमी झालंय, हे खरं. त्याची जागा गोड बोलण्याने घेतली. देव तारी त्याला कोण मारी. बस दरीत गेली, आमचा पोरगा वाचला, देवाची कृपा. असं म्हणताना शेजारच्या सीटवरच्या पोराच्या आईने ते ऐकलं तर तिला काय वाटेल, याचा विचार आपण करत नाही. आमच्याच घरी त्या आठवड्यात दाजी परत आले तेव्हा कुणीतरी पेढे आणले आणि म्हणालं, "देव पावला." माझी भाची तिथेच बसली होती. बापाला सोडलं आणि आईला नेलं, असा हा पावणारा देव तिला त्या पेढ्याबरोबर आम्ही भरवला.

एवढं सगळं असेल तर मुलांच्या जगात देव आणूच नका, असं माझे काही विवेकवादी मित्र म्हणतात. त्यांचं निम्मं म्हणणं मला मान्य आहे आणि त्या निम्म्यासाठी मी त्यांचा ऋणी आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्याची वर्षं घातली आणि जो त्यांच्या खुनानंतर २०१३मध्ये झाला, त्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला उपचारांपासून अडवून मंत्र-गंडे-दोरे करणं हा गुन्हा ठरवलेला आहे. कायद्याचं एवढं एकच कलम झालं असतं तरी खेड्यातल्या शिक्षकाने आयुष्यभर त्यांचं नाव घ्यावं. मूल आणि दवाखाना यांच्या मधे येऊन उभा राहतो तो देवावरचा विश्वास नव्हे. तो मोठ्यांचा आळस असतो, नाहीतर भीती, आणि त्याला देवाचं नाव लावलेलं असतं. 'असेल माझा हरी, तर देईल खाटल्यावरी' ही म्हण आपल्याच आजे-पणजोबांनी केली. असल्या विश्वासाची त्यांना किती चीड होती ते या म्हणीत दिसतं.

पण दुसऱ्या निम्म्यावर माझं जुळत नाही. आई गेल्याच्या रात्री मुलाला 'देव वगैरे काही नसतं' असं सांगणारा माणूस, पोराने न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत असतो. 'देवाची इच्छा' म्हणणाराही तेच करतो. पोराने विचारलेलं असतं, "उद्या माझी वेणी कोण घालणार?" या प्रश्नाला देव आहे किंवा नाही हे उत्तरच नाही. ज्याच्या घरात देवघर आहे, आजीच्या ओठांवर हरिपाठ आहे, त्या मुलाच्या मनात देव आधीच येऊन बसलेला आहे. आपण गप्प बसलो म्हणून तो जाणार नाही. तो राहील, पण कुणी काही सांगितलं नाही म्हणून अंधारात वाढेल आणि बहुधा न्यायाधीशाच्याच रूपात वाढेल.

इथे मला पंडिता रमाबाईंचं बालपण आठवतं. संकटात देवावर विसंबायला शिकवलेल्या मुलांचं इतकं स्पष्ट आणि इतकं धीट आत्मकथन आपल्याकडे दुसरं क्वचितच असेल. रमाबाई १८५८च्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणिक. घर असं नव्हतंच, तीर्थामागून तीर्थ करत, पुराण सांगत हे कुटुंब फिरायचं. आईने मुलीला संस्कृत शिकवलं, हेच त्या काळात बंड होतं. मग मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. होतं नव्हतं ते सगळं दान-दक्षिणेत, अनुष्ठानांत, उपासतापासांत गेलं. शास्त्रात सांगितलेल्या सगळ्या अटी आम्ही पाळल्या, पण देव काही आले नाहीत, असं त्या लिहितात. तिरुपतीच्या बाजूच्या रानात या कुटुंबाने अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरांवर काढले. भीक मागायची नाही, हलकं काम करायचं नाही, हा जातीचा ताठा उपाशीपोटीही सुटत नव्हता. वडिलांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा थोरल्या भावाने सांगितलं की मी जातीचा अभिमान सोडतो, मजुरी करतो, तुम्ही प्राण देऊ नका. पण उशीर झाला होता. १८७४च्या सुमारास काही महिन्यांच्या अंतराने वडील, आई आणि थोरली बहीण तिघंही गेले. रमाबाई सोळा वर्षांच्या होत्या.

इथपर्यंत वाचणारा विवेकवादी म्हणेल, बघा, हाच तो विश्वास. बरोबर आहे. देव अन्न देईल या विश्वासावर ते घर उपाशी मेलं, आणि तो विश्वास त्या मुलीच्या मनातूनही गेला. पण याच आत्मकथनात आणखी एक जागा आहे, आणि ती मी पुन्हा पुन्हा वाचतो. मरणाच्या दारात असलेल्या, दृष्टी गेलेल्या बापाने या धाकट्या लेकीला अशक्त हातांनी कवटाळलं, तिच्या डोक्यावरून, गालांवरून हात फिरवला आणि सांगितलं की मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याची आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. आता देव आपल्याला वाचवेल, असं तो म्हणाला नाही. म्हणू शकतच नव्हता. तू त्याची आहेस, एवढंच म्हणाला. पहिलं वचन रानात मोडलं होतं. दुसरं वाक्य त्या मुलीने आयुष्यभर बाळगलं. पुढे रमाबाई कोणत्या धर्मात गेल्या, यावर महाराष्ट्राने भरपूर भांडण केलं आहे आणि मला त्यात शिरायचं नाही. मी एवढंच बघतो की १८९६-९७च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या, भुकेने हाडांचे सापळे झालेल्या मुली गोळा करून आणल्या आणि केडगावच्या माळावर त्यांचं घर उभं केलं. स्वतःच्या उपासमारीची आठवणच त्यांना तिकडे घेऊन गेली होती. जे देवाने करावं म्हणून त्यांच्या घराने वाट पाहिली, ते त्यांनी उठून स्वतः केलं, आणि देवाचं म्हणून केलं.

वाचवेल आणि तू त्याची आहेस, या दोन वाक्यांतला फरक मला बहिणीच्या मरणाआधी कळला असता तर बरं झालं असतं.

भाचीने मामीला ते सांगितल्यानंतर दोन दिवस माझी तिच्यासमोर जायची हिंमत झाली नाही. मग एका संध्याकाळी गच्चीत बसून मी तिला सांगितलं की मी चुकीचं बोललो. मला माहीत नव्हतं तरी 'नक्की' म्हणालो. तुझ्या आईच्या फुप्फुसांत सूज होती, ती डॉक्टरांना उतरवता आली नाही. तू माळ पूर्ण केली असतीस, हजार माळा ओढल्या असत्यास, तरी ती सूज त्याने उतरली नसती. तू काहीच चुकली नाहीस. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग मामा, माळ ओढायची कशाला?"

मला तेव्हा उत्तर आलं नाही. ते मिळालं गंगाखेडच्या एका पोरक्या पोरीकडून, आणि ते माझ्या घरात कायमच पडून होतं. जनाबाई लहानपणी पंढरपूरला नामदेवांच्या घरी आली, दासी म्हणून राहिली. तिचा अभंग आहे, 'माय मेली बाप मेला, आता सांभाळी विठ्ठला'. मी हा अभंग शेकडो वेळा ऐकला असेन, म्हटला असेन. त्या वर्षी पहिल्यांदा त्याचे शब्द नीट ऐकले. ती 'मेली' म्हणते. देवाघरी गेली नाही, देवाला आवडली नाही. मेली. आधी सत्य, तेही सर्वांत उघड्या शब्दात. का नेलीस असं विचारून ती थांबत नाही, परत आण अशी अटही घालत नाही. 'सांभाळ' म्हणते. नवस नाही, सौदा नाही. मी आता उघड्यावर आहे, माझ्याकडे बघ, एवढंच. मुलांना शिकवायचा विश्वास तो हा. एकशे आठच्या हिशेबात तो बसत नाही, म्हणून अर्ध्यावर झोप लागल्याने मोडतही नाही.

हीच जनाबाई त्याच विठ्ठलाला भर तोंडावर शिव्या घालते, तोही अभंग परंपरेने जपून ठेवला. तुकोबांच्या बाबतीत तर आपण मुलांवर अन्यायच करतो. इंद्रायणीत बुडवलेली गाथा तरंगली आणि वैकुंठाचं विमान आलं, ही दोन चित्रं प्रत्येक पोराला माहीत असतात. १६३०च्या दुष्काळात त्यांची पहिली बायको 'अन्न अन्न' करत मेली हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, धंदा बुडाला, पोर गेलं, हे आपण मुलांपासून लपवतो. आणि 'माझे लेखी देव मेला' असं म्हणणारा अभंग त्यांचाच आहे, हे तर कितीतरी मोठ्यांनाही माहीत नसतं. विश्वासाच्या घरात हे वाक्य बसतं का? माझ्या मते विश्वासाच्याच घरात बसतं. परक्या माणसावर कुणी असं संतापत नाही. देव मेला म्हणून त्याच्याशी अबोला धरणारा माणूस, अजून त्याच्याशीच बोलत असतो. पोर आईच्या पाठीवर बुक्क्या मारतं ते ती हाकलणार नाही याची खात्री असते म्हणून. ज्या मुलाला देवावर रागावायची परवानगी नाही त्याचा विश्वास म्हणजे नुसती भीती, असं मी आता माझ्या वर्गातल्या पालकांना सांगतो. काहींना ते आवडत नाही.

अजून एक गोष्ट आम्ही मुलांना सांगत नाही, किंवा अर्धी सांगतो. चोखोबा. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चाललं होतं, भिंत कोसळली, मजुरांबरोबर चोखामेळा तिच्याखाली गेले. साल १३३८. देवाच्या दारात ज्याला पाऊल टाकू दिलं नाही त्याच देवावर ज्याने जीव ओवाळून टाकला, तो भिंतीखाली चिरडून मेला. त्याची भक्ती कमी पडली, असं वारकरी परंपरेत आजवर कुणी म्हणालेलं नाही. त्याचं पाप होतं, असंही नाही. परंपरा सांगते की नामदेव मंगळवेढ्याला गेले, ढिगाऱ्यातली हाडं कानाला लावून पाहिली, ज्यातून विठ्ठल ऐकू आला ती चोखोबांची म्हणून ओळखली, पंढरपूरला आणली आणि महाद्वाराशी त्यांची समाधी केली. किल्लारीनंतर मला ही गोष्ट कुणी सांगितली असती तर मी चार वर्षांच्या मुलीची पापं शोधत बसलो नसतो. भिंत चोखोबांवरही पडते. देव भिंत धरून ठेवतो असं ही गोष्ट म्हणत नाही. तुझी हाडं शोधायला कुणीतरी येईल, असं म्हणते.

त्या येणाऱ्या माणसावर सगळं अवलंबून आहे. देव दिसत नाही, त्यामुळे मूल त्याच्याबद्दलचं सगळं मत आपल्यावरून बनवतं. बाप दिलेला शब्द पाळतो का, आई रडताना लपते की कुशीत घेऊन रडते, तेराव्याला आलेले पाहुणे चौदाव्याला कुठे असतात. किल्लारीनंतर भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली सुमारे १२०० मुलं शिकायला पुण्याला नेली. आमच्या शेजारच्या गावातला एक मुलगा त्यांत होता, आज तो इंजिनियर आहे. त्याला विचारलं तर देवाबद्दल तो फारसं बोलत नाही. पण तिथल्या स्वयंपाकघरातल्या एका बाईंना पहिल्या आठवड्यात त्याला भात आवडतो हे लक्षात आलं, ते त्याने मला दोनदा सांगितलं. शेतात पीक जळालेलं असताना, घरात सावकाराचा माणूस येऊन बसलेला असताना 'देव बघून घेईल' असं पोराला सांगून आपण गप्प बसलो, तर पोर देवाबद्दल जे शिकेल ते आपल्याला सोसणार नाही. त्याऐवजी त्याला समोर बसवून, तंगी आहे, मी बँकेत जाणार आहे, मामांशी बोललोय, तुझी शाळा थांबणार नाही, आणि रात्री आपण दोघं मिळून हरिपाठ म्हणू, असं सांगता येतं. यात देव येतो, पण आपलं काम त्याच्या अंगावर टाकलेलं नसतं.

वारकऱ्यांना हे जमतं. १७ मार्च २०२०ला पंढरपूरचं मंदिर बंद झालं आणि १ जुलैच्या आषाढीला पालख्यांऐवजी मोजक्या लोकांबरोबर संतांच्या पादुका एसटीतून गेल्या. साठ वर्षं पायी चाललेले माझे वडील त्या दिवशी अंगणात तुळशीला प्रदक्षिणा घालत होते. माझ्या धाकट्याने विचारलं, "आजोबा, देव असून त्याला कोरोना होतो का?" वडील म्हणाले, "त्याला नाही रे, माझ्याकडून तुला होईल. म्हणून त्याने सांगितलंय, यंदा घरी थांब." पुढच्या वर्षी त्यांची पोरगी गेली. तिच्या दहाव्यापर्यंत त्यांनी देवघराकडे पाठ करून जेवण केलं. आम्ही कुणी काही बोललो नाही. अकराव्या दिवशी पहाटे ते पुन्हा टाळ घेऊन बसले. भाची उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. तिने माळ घेतली नाही. नुसती बसली.

गेल्या कार्तिकीनंतर, गर्दी ओसरल्यावर, मी तिला पंढरपूरला घेऊन गेलो. आता ती बारा वर्षांची आहे. नामदेव पायरीसमोर चोखोबांच्या समाधीपाशी मी तिला भिंतीची गोष्ट सांगितली, ती तिने कान देऊन ऐकली. आत पायांवर डोकं ठेवल्यावर ती लवकर उठेना. सेवेकऱ्याने "चला माऊली, चला" म्हणत तिला पुढे काढलं. बाहेर चपला घालताना म्हणाली, "मामा, मी आज त्याला विचारलं."

"काय?"

"माळ अर्धी राहिली म्हणून नेलीस का, ते."

मला काही बोलता येईना. मी विचारलं, "मग?"

"मग काय, मागून सगळ्यांनी ढकललं. पुन्हा यायला लागेल."